एका अक्षराची हाक

आमच्या घरात दोन भाषा नांदत होत्या आणि त्यांचं जावा-जावांसारखं होतं. चूल एक, पण तोंडं फिरवलेली. बाबांची मराठी आणि अव्वाची कानडी. अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, जिथं गावोगाव मराठी पातळ होत जाते आणि एका ओढ्यानंतर संपतेच. बाबा मोहोळकडचे, शेतकऱ्याघरचे. आमच्या लिंगायत लोकांत अशी लग्नं सर्रास व्हायची. गळ्यातलं लिंग एक असलं की भाषा कुणी विचारत नसे.

सोलापुरात अशा घराचं कुणाला नवल नव्हतं. आमच्या भिंतीला भिंत लावून विणकरांचं घर, तिथं दिवसभर मागाची खटखट आणि तेलुगू. समोर टांगेवाला, त्याच्या घरात दखनी. आम्ही पोरं खेळायचो एका भाषेत आणि भांडायचो दुसऱ्या भाषेत. त्यापायी गल्लीतलं एकही पोर मुकं राहिलं नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं याच गोष्टीवरनं माझं डोकं तापणार आहे. तेव्हाही तापलं होतं.

माझ्या पाठचा भाऊ बोलत नव्हता. मधली भावंडं गेलेली, त्यामुळं तो जिवापाड जपलेला. त्याच्या वयाची पोरं गल्लीत घसा फोडून ओरडत फिरायची आणि हा उंबऱ्यावर बसून बघायचा. ऐकू चांगलं यायचं. गिरणीचा भोंगा झाला की कानांवर हात ठेवायचा. तांब्या आण म्हटलं की आणायचा, ठेव म्हटलं की ठेवायचा. पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टरांनी जीभ बघितली, घसा बघितला, कानामागं टाळ्या वाजवून बघितल्या आणि म्हणाले, सगळं ठीक आहे, वाट बघा.

वाट बघणं आमच्या आत्याच्या स्वभावात नव्हतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालं आणि ती आमच्याकडंच राहिली. तिनं मधात वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावलं. तो थुंकला. मग कुणाकडून तरी पोपटानं टोचलेला पेरू मिळवून आणला. तो त्यानं आवडीनं खाल्ला आणि आणखी मागायला हात पुढं केला, पण बोलला नाही. शेवटी तिनं तळ्यातल्या देवळात जाऊन नवस केला, लेकराला वाचा फुटू दे, चांदीची जीभ वाहीन.

"लेकरू बोलंल," ती म्हणायची, "पर त्येला बोलावंसं वाटाय पायजे की."

नळावर बायका मला बघून गप्प व्हायच्या. 'मुकं' हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा आडून ऐकला. तो म्हणणाऱ्या बाईच्या घागरीत मी माती टाकली होती आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही.

बाबा मराठी शाळेत मास्तर होते. ट्रेनिंगला पुण्याला गेले तेव्हा त्यांच्या 'हाय' आणि 'न्हाय'ला सगळा वर्ग हसला होता. ते हसू त्यांच्या मनात काट्यासारखं राहिलं. परत आले ते 'आहे' आणि 'नाही' घेऊन. आपल्या वडलांना ते जन्मभर 'बा' म्हणत आले, पण आम्हाला मात्र 'बाबा' म्हणायला शिकवलं. 'व्हय' तर त्यांनी पार टाकूनच दिलं. आत्या म्हणायची, "माजा भाऊ पुन्याला गेला, आन त्येच्या जागी दुसराच कुनीतरी धाडला त्यांनी."

पण माणूस मायाळू होता. सुट्टीच्या दिवशी भावाला खांद्यावर बसवून रेल्वेच्या फाटकापाशी न्यायचे. इंजिन आलं की म्हणायचे, "म्हण, गाडी." तो हसायचा. "म्हण, धूर." तो आणखी हसायचा. परत येताना बाबा एकटेच बोलत यायचे, जणू दोघांच्या वाटचं.

एकदा शाळा तपासायला आलेल्या कुणा साहेबांपुढं बाबांनी हा विषय काढला. साहेबांनी विचारलं, घरात किती भाषा? बाबा म्हणाले, दोन. साहेब म्हणाले, मग मुलाचा गोंधळ होत असेल, एकच ठेवा. बस, एवढंच. साहेब चहा पिऊन गेले आणि आमच्या घरातली एक भाषा घेऊन गेले.

त्या संध्याकाळी बाबांनी सगळ्यांना बसवून सांगितलं. आजपासून घरात फक्त मराठी, आणि तीही स्वच्छ. आत्या म्हणाली, "माजी जीब आता ह्या वयात वळायची न्हाय. माज्यासंगं लेकरू बिघडत आसंल तर बिघडू द्या." तिच्यापुढं बाबांचं चाललं नाही. अव्वानं मात्र मान हलवली. ती वाद घालणारी नव्हती. मी होते, पण मला कुणी विचारलं नाही. उलट मलाच सांगितलं, आजपासून तिला 'आई' म्हणायचं. शब्द चांगला आहे, जगात त्याहून चांगला नसेल, पण माझ्या आईला तो बसेना. दुसऱ्याच्या मापाची चोळी घातल्यासारखं व्हायचं.

अव्वाला मराठी येत होती, बाजारापुरती, पाहुण्यांपुरती. ती 'दूध सांडली' म्हणायची आणि 'मांजर आला' म्हणायची. कानडीत दुधामांजराला असली बायकी-पुरुषी भानगड नसते, त्याला ती काय करणार? आधी आम्ही हसायचो आणि तीही हसायची. आता बाबा हळूच सुधारायचे, "सांडलं. दूध सांडलं." रागानं नाही, वर्गात सुधारावं तसं. पण प्रत्येक सुधारणेगणिक ती एक वाक्य कमी बोलायला लागली. काही दिवसांत घरात दोन माणसं न बोलणारी झाली. मला राग आला. अजून येतो.

त्याआधी कसं होतं ते सांगायला हवं. सकाळी अव्वा चुलीपुढं भाकरी थापायला बसायची. पहिली भाकरी तव्यावर फुगली की ती मान न वळवताच हाक मारायची, "बा, कंदा, बा." कंदा म्हणजे बाळ. आणि बा म्हणजे ये. भाऊ असेल तिथनं धावत यायचा, तिच्या गुडघ्याला टेकून बसायचा, आणि ती गरम भाकरीचा पापुद्रा काढून, फुंकर मारून, त्याच्या तोंडात घालायची. वर शेंगाच्या चटणीचं बोट. हे सगळं चालू असताना ती त्याच्याशी सारखी बोलत असायची, कानडीत, पाण्याच्या धारेसारखं. तो तिच्या ओठांकडं बघत राहायचा.

फर्मानानंतर ती "ये" म्हणायला लागली. बरोबर शब्द होता. पण तो तिला परका होता, त्यामुळं तिच्या तोंडून तो पाहुण्याला म्हटल्यासारखा यायचा. भाऊ जागचा हलायचा नाही. तिच्याकडं बघायचा, जणू कुणी भलतंच तिच्या आवाजात बोललं. दोन-चारदा असं झाल्यावर तिनं 'ये'ही सोडलं. भाकरी फुगली की ती काठवटीवर पिठाच्या हातानं थाप मारायची, थप थप, आणि तो धावत यायचा. तोंडात घास जायचा, पण वर बोलणं नव्हतं.

मी एकदा तिला म्हटलं, बाबा शाळेत असतात तेव्हा बोल की. ती म्हणाली, "नको. माझ्यामुळं तो बोलायचं राहिली, तर?"

'राहिला', मी मनात म्हटलं, आणि माझीच मला शरम वाटली. मीही सुधारायला लागले होते.

अव्वाची आई आजारी पडली म्हणून मामा न्यायला आला. भावाला बरोबर न्यायचं का, यावर फार बोलणं झालंच नाही. बाबा म्हणाले, "तिकडं सगळं कानडीच. इतक्या दिवसांची मेहनत वाया जाईल." मेहनतीचं फळ काय दिसत होतं कुणास ठाऊक. अव्वानं पुन्हा मान हलवली. आत्याच्या सांगण्यावरनं ती तो झोपेत असताना निघाली, म्हणजे रडणार नाही. समोरच्या टांगेवाल्यानं तिला स्टेशनावर सोडलं. जाताना तिनं भावाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि माझ्या गालावरनं हात फिरवला.

तो उठला आणि सरळ चुलीपाशी गेला. तिथं आत्या होती. तो परत बाहेर आला, मग पुन्हा आत गेला. मग त्यानं भिंतीला टेकवलेली काठवट जमिनीवर ओढून घेतली, तिच्यापुढं बसला आणि तळहातानं थापा मारल्या, थप थप. आणि दाराकडं बघत बसला. त्याला वाटलं असेल, या आवाजानं आपण येतो तशी तीही येईल. थोड्या वेळानं पुन्हा मारल्या. आत्या डोळ्याला पदर लावून मागीलदारी निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

मग त्यानं काठवट सोडली आणि उंबरा धरला. शाळा सुटून मी आले की तो तिथंच, रस्त्याकडं तोंड करून. एका दुपारी मी त्याच्या शेजारी बसून चिंचोके खेळत होते. ऊन उतरलं होतं. बाबा शाळेतनं येत होते, हातात छत्री, गल्लीच्या वळणावर नुकतेच दिसले होते. आणि भाऊ बोलला.

"बा."

स्पष्ट आणि मोठ्यानं. आवाज जरा जाडसर, न वापरलेला. माझ्या हातातले चिंचोके सांडले. बाबा जागच्या जागी थांबले. छत्री टाकून ते धावत आले, मास्तर माणूस, भर गल्लीत धोतर सावरत, आणि त्याला उचलून छातीशी धरलं.

"मला म्हणाला. ऐकलंस ना तू? मला हाक मारली."

मागाची खटखट थांबली. विणकरीण हातातलं सूत तसंच घेऊन बाहेर आली. टांगेवाला घोड्याला पाणी पाजत होता, तो म्हणाला, "क्या बोल्या बच्चा?" आत्यानं आतनं साखरेचा डबा आणला आणि येईल त्याच्या हातावर चिमूट ठेवायला लागली.

"'बाबा' म्हणायला निघालाय," बाबा म्हणाले. "अर्धा झाला."

"अर्धा कशाला?" आत्या म्हणाली. "सबंध बा हाय त्यो. आमच्या मोहोळचा बा. आमचा बा गेला तवापास्नं ह्या घरात ह्यो सबुद कुनी काढला न्हवता. रगत हाय, कुटं जाईल?"

आमच्यापासून दूर ठेवलेला शब्द बाबांनी त्या दिवशी दोन्ही हातांनी परत घेतला. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मी मात्र भावाकडं बघत होते. बाबांच्या खांद्यावरनं तो मान लांब करून रस्त्याकडं बघत होता. बाबांनी त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं, तर त्यानं हातानं त्यांचा गाल बाजूला सारला. आणि पुन्हा म्हणाला, "बा."

मला तेव्हाच कळलं होतं. बोलले नाही, कारण बाबांचा तसा चेहरा मी त्याआधी बघितला नव्हता.

दुसरा दिवस कौतुकात गेला. तो "बा" म्हणायचा, बाबा "ओ" म्हणायचे. तो पुन्हा म्हणायचा, हे पुन्हा ओ देऊन पुढं जायचे, आणि तो त्यांना टाळून उंबऱ्याकडं जायचा. मग सकाळी एकदा स्टेशनावरची सवारी सोडून टांगेवाला रिकामा टांगा घेऊन परत आला. भावानं टांगा बघितला, दोन्ही हात पुढं केले आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, "बा, बा."

टांगेवाला हसला. आत्याला हसू आवरेना. "आगं बया," ती म्हणाली, "टांगंवाल्याला बी बा म्हनतंय की ह्ये. आता काय म्हनावं?"

विणकरीणही तोंडाला पदर लावून हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी त्या रिकाम्या टांग्याकडं बघितलं, मागच्या बैठकीकडं, जिथं अव्वा बसून गेली होती. मग मुलाकडं.

संध्याकाळी मी कंदिलाची काच राखेनं पुसत होते. बाबा येऊन शेजारी बसले. मास्तर मुलीशेजारी जमिनीवर बसत नसत.

"तुझ्या अव्वाच्या भाषेत," ते म्हणाले, "बा म्हणजे काय गं?"

त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं तिच्याबरोबर संसार केला, रोज सकाळी चुलीपुढनं ती हाक ऐकली, माहीत नसेल कसं? पण त्यांना ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. आणि ते 'अव्वा' म्हणाले होते, 'आई' नाही.

"ये," मी म्हटलं.

त्यांनी काच माझ्या हातातनं घेतली आणि पुसलेलीच पुन्हा पुसली. मग म्हणाले, "म्हणजे तो मला नव्हता म्हणत." मी मान हलवली. मला त्यांची कीव आली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. खोटं कशाला बोलू?

पुढचं आधी सांगून टाकते. भाऊ पुढं इतका बोलायला लागला की आत्या म्हणायची, देवाला वाहिलेली चांदीची जीब परत मागून आना. मराठी, कानडी, गल्लीतली तेलुगू, टांगेवाल्याची दखनी, सगळं एकाच वाक्यात कालवायचा. मोठेपणी बोलण्यावरच पोट भरलं त्यानं. पण ते सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते आजोळच्या अंगणाचं.

बाबांनी रजा काढली आणि आम्हा दोघांना घेऊन गाडीत बसले. सासुरवाडीला ते लग्नानंतर क्वचितच गेले होते. तिथं त्यांना बोलता यायचं नाही. सगळे आदरानं पाट मांडायचे, बोलायचे, हसायचे, आणि बाबा मधे बसून नुसती मान डोलवायचे. हे मला आधीच्या एका खेपेवरनं आठवत होतं. सोलापुरात ज्यांच्या तोंडाला तोंड देणं कठीण, ते मास्तर तिकडं मुके व्हायचे.

स्टेशनावरनं बैलगाडीनं गावात पोचलो तेव्हा अंगणात कुणी नव्हतं. आजीची बाज सोप्यात होती, ती डोळा लागून पडली होती, बरी दिसत होती. आतनं धुराचा वास आला आणि थापांचा आवाज आला, थप थप. भाऊ बाबांच्या खांद्यावर ताठ झाला.

"म्हण," बाबा त्याला हळू म्हणाले. "म्हण की."

तो काही म्हणेना. आवाजाकडं कान लावून, श्वास धरून बसला. बाबांनी अंगणात इकडंतिकडं बघितलं. बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती. 'अगं' म्हटलं असतं तर चाललं असतं, घरात तेच म्हणायचे. त्यांनी घसा साफ केला.

"बा," त्यांनी हाक मारली.

आतली थाप थांबली. "बंदे," अव्वाचा आवाज आला. आले, असा त्याचा अर्थ. किती दिवसांनी तो मोकळा आवाज ऐकला मी. तिला वाटलं असेल, मामा आहे, नाहीतर शेजारचं कुणी, आपल्या माणसांपैकी कुणीतरी बोलावतंय. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली आणि तिथंच थांबली. तिनं बाबांकडं बघितलं, मग त्यांच्या मागं बघितलं, हाक मारणारा दुसरा कुणी आहे का म्हणून. दुसरं कुणी नव्हतं.

भावानं बाबांच्या खांद्यावरनं अंग सोडून दिलं. तिनं त्याला पिठाच्या हातांनीच झेललं. "बा," तो तिच्या मानेत तोंड खुपसून म्हणाला, आणि ती "बंदे, कंदा, बंदे" म्हणत राहिली. मी "अव्वा" म्हणून तिच्या कमरेला मिठी घातली. बाबांनी सुधारलं नाही.

मग तिला भान आलं. डोक्यावरचा पदर सावरत, रडत, घाईघाईनं तिनं मराठी गोळा केली, जशी जमेल तशी.

"तुमी," ती म्हणाली, "तुमी आली?"

बाबांचे ओठ हलले. सवयीनं बरोबर शब्द वर आला असणार, मला तो त्यांच्या तोंडात दिसला. त्यांनी तो गिळला.

"व्हय," बाबा म्हणाले. "आली."